खडूचं दार

आमच्या घरमालकीणबाई ट्रकला अहो-जाहो करायच्या. जर्मनमध्ये जवळच्याला 'डू' म्हणतात आणि बाकी सगळ्यांना 'झी'. बाईंच्या 'डू'च्या यादीत एक मुलगा आणि एक मेलेलं मांजर, एवढेच होते. पोस्टमन झी, शेजारी झी, कारखान्यात तीस वर्षं शेजारच्या टेबलावर काम केलेली मैत्रीणसुद्धा झी. थंडीत ट्रक सुरू झाला नाही, की त्या बॉनेटवर हात ठेवून विचारायच्या, "तुम्हाला आज बरं वाटत नाही का?" मग उत्तर येईल तर यावं म्हणून थोडं थांबायच्या आणि पुन्हा किल्ली फिरवायच्या.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. न्युरेम्बर्गपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात आम्ही बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. माझा नवरा न्युरेम्बर्गला एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत होता. मीही मेकॅनिकलचीच, लग्नाआधी भोसरीला प्रेस टूलच्या डिझाइनमध्ये पाच वर्षं काढली होती. पण माझ्या पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसावर एक ओळ होती: नोकरीधंद्यास परवानगी नाही. त्यामुळे सकाळी नवरा बसने गेला, की मी खिडकीत बसून जर्मन क्रियापदं पाठ करायची आणि खाली अंगणात बाई काय करतात ते बघायची. बघण्यासारखं पुष्कळ असायचं.

पाऊस आला की बाई रेनकोट घालून अंगणाच्या मधोमध वीस मिनिटं उभ्या राहायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, यांना काहीतरी झालंय. मी छत्री घेऊन खाली धावले.

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. "तुमच्या छत्रीमुळे माझा खांदा कोरडा राहतोय."

कोटाची शिवण गळते का, ते त्या तपासत होत्या. बाई बायकांचे कोट शिवणाऱ्या कारखान्यात कटर होत्या. कापडावर खडूने आखायचं आणि कापायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. त्यांचा सिद्धांत एकच होता आणि तो त्या कोबीपासून राजकारणापर्यंत सगळीकडे लावायच्या: "शिवलेलं उसवता येतं. कापलेलं जोडता येत नाही."

माझी जर्मन सुधारणं हेही त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. जर्मनमध्ये प्रत्येक वस्तूला लिंग असतं आणि ते चुकलं की बाईंचं पुढचं ऐकणं बंद व्हायचं. एकदा मी जिन्यावरून घसरले आणि तिथूनच ओरडले, की माझा पाय मुरगळला. बाई खालून म्हणाल्या, "डेअर फूस. पुल्लिंगी आहे." मग बर्फाची पिशवी घेऊन वर आल्या.

तो ट्रक त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाकडून घेतला होता. मोठा पिकअप, आणि त्याच्या मागच्या हौद्यात बसवलेली पत्र्याची एक खोली. खोलीचं छत वर-खाली होणारं. गाडी चालवताना खाली बसवायचं. मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवून वर उचलायचं, म्हणजे मधे कापडी भिंती ताणल्या जायच्या आणि आत माणसाला उभं राहता यायचं. आत दोन बाक, एक टेबल, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या भागात पलंग. एकोणीस उन्हाळे दोघांनी त्यात काढले. मग यजमान गेले, आणि त्यानंतर चार वर्षांनी बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशननंतर खोलीच्या मागच्या पायऱ्या त्यांना काठी घेऊन एकदा चढता यायच्या. पण मुक्काम मांडायचा म्हणजे खुर्ची, टेबल, शेगडी, पाण्याचा कॅन, चाकांखाली घालायचे लाकडी ठोकळे, हे सगळं आतल्या बाकाखाली. प्रत्येक वस्तूसाठी एक चढण आणि एक उतरण. ते जमणार नव्हतं.

मुलगा बर्लिनला असायचा. माणूस वाईट नव्हता; दर रविवारी फोन करायचा. आई एकटी कुठल्यातरी तळ्याकाठी पायरीवरून पडलेली सापडेल, या विचाराने त्याला झोप लागत नसे. त्याने ट्रकसाठी गिऱ्हाईक शोधलं होतं. बाई नाही म्हणाल्या. दोघांचं फोनवरचं भांडण मी आमच्या फरशीतून ऐकलं. म्हणजे बाईंची बाजू ऐकली, आणि तीही "नाइन" म्हणजे "नाही" या एकाच शब्दाची. शेवटी असं ठरलं, की मे महिन्यात तो येईल. त्याच्यासमोर बाईंनी कोणाचीही मदत न घेता मुक्काम मांडायचा आणि त्याला कॉफी करून द्यायची. जमलं तर ट्रक राहील.

तेव्हा मार्च चालू होता. दुसऱ्या दिवशी बाई काठी टेकत वर आल्या आणि आमची बेल वाजवली.

"तुम्ही इंजिनिअर आहात ना?"

"आहे. म्हणजे होते."

"आल्झो. तर मग, मला एका भिंतीला भोक पाडायचं आहे."

बाकाच्या बरोबर मागे, खोलीच्या बाहेरच्या भिंतीत एक छोटं दार बसवायचं, म्हणजे जमिनीवर उभं राहून बाकाखालचं सगळं बाहेर काढता येईल, असा बाईंचा विचार होता. दार त्यांनी मिळवलंसुद्धा होतं. मोडीत निघालेल्या एका कॅरॅव्हानचं, चौकट आणि कुलपासकट.

भोसरी सोडल्यावर दोन वर्षांनी मी पहिल्यांदा पेन्सिलला टोक काढलं. नवऱ्याच्या ऑफिसातून मोठे कागद मागवले, खोलीचं आतून-बाहेरून माप घेतलं आणि तिन्ही बाजूंनी रीतसर ड्रॉइंग केलं. भिंतीतली लाकडी चौकट कुठे असेल, कोपऱ्यापासून किती अंतर सोडायचं, सगळं दाखवलं. त्या आठवड्यात मी क्रियापदं अजिबात पाठ केली नाहीत.

बाईंनी ड्रॉइंग खूप वेळ पाहिलं. "सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "आता घालून बघू."

मग त्यांनी ॲप्रनच्या खिशातून शिंप्याचा चपटा खडू काढला आणि ट्रकच्या पत्र्यावर माझं दार आखलं.

त्यानंतर रोज सकाळी बाई त्या दारापाशी जायच्या. काठी टेकून उभ्या राहायच्या, खडूची कडी फिरवायच्या, दार वर उचलायच्या, आतून नसलेली खुर्ची काढून गवतावर मांडायच्या. मग नसलेलं टेबल. मग वाकून नसलेला ठोकळा. सगळं झालं की उलट क्रमाने सगळं परत आत. पाऊस पडून दार पुसलं गेलं, तर दुसऱ्या दिवशी नवीन आखायच्या. कुंपणापलीकडचे शेजारी दोन दिवस बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला रस्त्यात गाठून हळूच विचारलं, बाईंच्या मुलाला कळवायचं का. मी म्हटलं, कृपा करून त्याला काही कळवू नका.

चौथ्या दिवशी बाई वर आल्या.

"तुमचं दार वर उघडतं. माझ्या एका हातात काठी. दुसऱ्या हातात दार. खुर्ची दातांनी काढू का?"

मी बिजागऱ्या बाजूला घेतल्या. दार तेच, फक्त चौकट फिरवून बसवायची. सातव्या दिवशी ते थोडं खाली सरकलं, कारण पाण्याचा कॅन काढताना त्यांचा खांदा वर जात होता. कॅन नव्हता, पण खांदा जात होता.

नवव्या दिवशी त्या ट्रक घेऊन बेकरीत गेल्या. रस्त्याकडेला गाडी लावली आणि ब्रेड घ्यायच्या आधी तिथे दार घालून बघितलं. परत आल्या त्या थेट माझ्याकडे.

"तुमच्या दारात उभी राहून मी दोनदा मेले," त्या म्हणाल्या. "एकदा दुधाच्या गाडीखाली आणि एकदा बसखाली."

मला कळेना. मग कळलं. मी दार डाव्या बाजूला काढलं होतं. आपल्याकडे गाडी डावीकडे लावायची, फुटपाथ डावीकडे. भोसरीत ते दार अगदी बरोबर होतं. जर्मनीत ते उघडलं की बाईंची पाठ सगळ्या रहदारीकडे. पाच वर्षांचा अनुभव, तिन्ही बाजूंनी ड्रॉइंग, आणि रस्त्याची बाजू चुकलेली. पत्रा कापला असता तर काय झालं असतं, या विचाराने माझे कान तापले. मी माफी मागायला लागले. बाईंनी ओल्या फडक्याने दार पुसलं आणि पलीकडे जाऊन उजव्या बाजूला नवीन आखलं.

"खडू आहे," त्या म्हणाल्या.

कापायचा दिवस ठरला, तेव्हा माझ्या नवऱ्याला घाम फुटला.

"अगं, व्हिसावर स्पष्ट लिहिलंय. उद्या कोणी तक्रार केली तर?"

"अरे, मी नोकरी करतेय का? बाईंना मदत करतेय."

"इथे मदतीचा पण काहीतरी नियम असेल."

हे बाईंच्या कानावर गेलं. नियमाचं नाव काढलं की बाई गंभीर व्हायच्या. त्यांनी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "इथे कोणीही काम करत नाही," आणि तो गॅरेजच्या दारावर टांगला. नवऱ्याला त्याने फारसा धीर आला नाही.

शनिवारी सकाळी मी खडूच्या रेषेवर मास्किंग टेप लावली, चारी कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडली आणि जिगसॉ, म्हणजे विजेवरची बारीक करवत, हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"काय झालं?"

"बाई, मी आजपर्यंत कधी काही कापलेलं नाही. मी रेषा मारायचे. कापायचे दुसरेच."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "मग आज कळेल, तुमच्या रेषा कशा आहेत."

पहिली बाजू कापून व्हायला जवळजवळ तास लागला. माझे हात कोपरापर्यंत बधिर झाले. दुसऱ्या बाजूच्या मध्यावर पातं अडकलं आणि करवत थडथडायला लागली. मी ओरडले, करवत बंद करा, वायर ओढा. घाईत करवतीला नपुंसकलिंगी करून 'दास झेगे' म्हणून गेले.

"डी झेगे," बाई म्हणाल्या, आणि वायर ओढली.

पातं मोकळं केलं, पुन्हा सुरुवात केली. चौथी बाजू निम्मी झाली आणि चर्चच्या घड्याळात एक वाजला. बाईंनी पुन्हा वायर ओढली.

"मिटाग्सरूहे," त्या म्हणाल्या. एक ते तीन दुपारची विश्रांती; त्या वेळात आवाज करायचा नाही.

"बाई, पाऊण फूट राहिलंय. दहा मिनिटांत होईल."

"ते तीन वाजतासुद्धा दहा मिनिटांतच होईल."

आकाश भरून आलेलं. ट्रकच्या भिंतीला साडेतीन बाजूंनी चीर. मी बाईंच्या स्वयंपाकघरात बटाट्याचं सूप समोर घेऊन बसले आणि दोन तास खिडकीतून त्या चिरेकडे बघत राहिले. बाई निवांत ब्रेडला लोणी लावत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, इतक्या वर्षांत त्यांना बाहेरच्या दाराची गरज कशी पडली नाही?

"पडली नाही," बाई म्हणाल्या. "मी आत असायचे. हे बाहेर असायचे. हे म्हणायचे, खुर्ची. मी खुर्ची द्यायचे. हे म्हणायचे, शेगडी. मी शेगडी द्यायचे. एकोणीस वर्षं." त्यांनी लोण्याची सुरी पुसून ठेवली. "आता बाहेर मी आहे. आत द्यायला कोणी नाही. म्हणून भोक."

मी सूप ढवळत राहिले. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "थंड झालं की त्याची चव जाते."

तीन वाजता आम्ही उरलेलं कापलं आणि पत्र्याचा तुकडा अलगद बाहेर काढला. आत लाकूड नव्हतं. म्हणजे माझ्या ड्रॉइंगमध्ये जिथे लाकूड दाखवलं होतं, तिथे ओल्या कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी काळं होतं. बाईंनी त्यात बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

मला वाटलं, संपलं. मेपर्यंत कसं होणार? पण बाईंच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं समाधान पसरलं होतं.

"अठरा वर्षं," त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं मी सांगत होते, माझ्या पायाशी ओल आहे. हे म्हणायचे, तुझे पायच गार असतात."

त्या कुजलेल्या लाकडातला एक तुकडा त्यांनी जॅमच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि दिवाणखान्यात यजमानांच्या फोटोशेजारी ठेवला. तो तिथेच राहिला. आल्या-गेल्याने विचारलं तर सांगायच्या, "गेनाऊ, अगदी तीच, माझ्या पायाशी होती ती भिंत."

पुढचे पाच आठवडे आम्ही ठिगळ लावत होतो. शब्द बाईंचाच. ठिगळाचा नियमही त्यांनीच सांगितला: विरलेल्या कापडाच्या काठाशी शिवायचं नाही, धड कापड लागेपर्यंत मागे जायचं. आम्ही धड लाकूड लागेपर्यंत मागे गेलो, आणि ते फार मागे होतं. नवीन पट्ट्या मी मापून कापल्या. पहिल्या तीन वाया गेल्या. चौथी बसली, तेव्हा बाईंनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि काही बोलल्या नाहीत. बाई चुकीवर बोलायच्या. त्यामुळे मला ते पुरलं. शेवटी चौकट बसवली, चारी बाजूंनी सीलिंगचा रबर लावला, आणि बाईंनी सलग तीन दिवस झाडांना पाणी घालायच्या झारीने दारावर पाऊस पाडला. स्वतः आत बसून, हातात टॉर्च घेऊन. झारी मी धरायची.

मे महिन्यात मुलगा आला. उंच, दमलेला, चष्मेवाला माणूस. त्याने माझ्याशी हात मिळवला आणि बागेतल्या बाकावर बसला. मी जिन्यात उभी राहिले. मदतीला कोणी जवळ नको, अशी अट होती.

बाईंनी दार उघडलं. ठोकळे काढले, काठीच्या टोकाने चाकांखाली ढकलले. खुर्ची काढली. टेबल काढलं. पाण्याचा कॅन काढताना त्यांचा खांदा वर गेला नाही. मग छताचं हँडल. त्याचे चाळीस-पन्नास फेरे असतील. पंधराव्या फेऱ्याला त्या थांबल्या. मुलगा उठला.

"बस," बाई म्हणाल्या.

तो बसला. बाईंनी श्वास घेतला, पुन्हा फिरवायला लागल्या. त्या एकूण चार वेळा थांबल्या आणि तो चारही वेळा अर्धवट उठून बसला. छत पूर्ण वर गेलं. त्यांनी शेगडी पेटवली, कॉफी केली, आणि कप त्याच्या हातात दिला.

त्याने कॉफी अर्धी प्यायली. मग ट्रककडे बघत विचारलं, "आणि ममा, झोपणार कुठे?"

पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर, छातीएवढ्या उंचीवर. बिजागऱ्या, रबर, पाऊस, रहदारी, सगळ्याचा विचार झाला होता. बाई त्या पलंगावर चढणार कशा, हा विचार मी एकदाही केला नव्हता.

"खाली," बाई म्हणाल्या. "टेबल खाली केलं की बाकांचा पलंग होतो."

"तो लहान मुलांसाठी आहे. तू मावणार नाहीस."

"तू मावायचास."

"मी नऊ वर्षांचा होतो."

"डॉक्टर म्हणतात, मी पाच सेंटिमीटरने कमी झाले आहे," बाई म्हणाल्या. "आल्झो."

मुलगा उठला. तो मागच्या पायऱ्या चढून आत गेला. टेबल खाली केल्याचा आवाज आला. मागच्या उघड्या दारातून मला तो दिसला. तो आत त्या लहान पलंगावर पाय पोटाशी घेऊन आडवा झाला होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला जुन्या गादीची धूळ होती. त्याने कॉफी संपवली, खिशातून फोन काढला आणि बागेच्या टोकाला जाऊन गिऱ्हाइकाशी बोलला. त्याच्या बोलण्यातलं एकच वाक्य मला ऐकू आलं: "माफ करा, त्याला आता भोक पाडलेलं आहे."

जूनमध्ये बाई ट्रक घेऊन निघाल्या. गावापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर एक मोठं तळं आहे, तिथे. मला वाटलं होतं, एखादी चक्कर मला घेऊन मारतील. त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सुचवलं नाही. अकरा दिवसांनी परत आल्या, नाक उन्हाने सोललेलं. मी विचारलं, कसं झालं?

"पाय गार पडले नाहीत," बाई म्हणाल्या, आणि कपडे धुवायला टाकले.

पुढच्या वर्षी माझा व्हिसा बदलला. मला वाल्डॉर्फजवळ एका छोट्या कंपनीत डिझाइनचं काम मिळालं, नवऱ्यानेही त्या बाजूला बदली घेतली, आणि आम्ही घर सोडलं.

जर्मनीत घर सोडताना मालक प्रत्येक खोली तपासतो आणि कागदावर नोंद करतो. भिंतीला एक खिळा मारलेला असला, तरी तो काढून, भोक बुजवून, वरून पांढरा रंग लावून द्यायचा, हा नियम. मी सगळं घर रंगवलं होतं. राहिली होती फक्त स्वयंपाकघरातली एक भिंत. तिथे मी पुण्याहून आणलेली भांड्यांची स्टीलची मांडणी लावली होती, ती काढायला शेवटपर्यंत उशीर झाला. बाई आल्या, तेव्हा मी भोकं बुजवायच्या लांबीचा डबा आणि ती लावायची पत्री हातात घेऊन त्या भिंतीसमोर उभी होते.

बाईंनी टॉर्च लावून बाथरूम बघितलं. खिडक्या उघडून-मिटून बघितल्या. झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात वाकून ओल आहे का बघितलं. तास गेला. मग त्या स्वयंपाकघरात आल्या आणि मांडणीच्या चार भोकांसमोर थांबल्या.

"कोणी पाडली?"

"मी."

त्यांनी ॲप्रनच्या खिशातून मोजपट्टी काढली. वरची दोन मोजली, खालची दोन मोजली, मग कर्ण मोजले. एका भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. प्लास्टर कुठेही फुटलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा नीट केला आणि कागदावर सावकाश काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. लिहिलं होतं: स्वयंपाकघर, चार भोकं, तशीच ठेवावीत.

"पण बाई, बुजवून द्यायचा नियम आहे," मी म्हटलं.

"नियम वाईट भोकांसाठी आहे," बाई म्हणाल्या, आणि सही करायला पेन माझ्याकडे दिलं.